मामांची बंदूक आणि छटाकरावांच्या टाचा

"लढवय्याचं रक्त लपत नाही, कुलूपवाले! कधी ना कधी वर येतंच येतं!" असं म्हणून छटाकरावांनी काउंटरवर अशी थाप मारली, की शेजारी वाळत ठेवलेल्या फ्रेमचा एक कोपरा उकलला.

छटाकराव म्हणजे बाजाराच्या गल्लीतले फ्रेमवाले. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला कुलूप-किल्ल्यांचं दुकान आणि मधे ह्यांचं तसबिरींचं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते वाचायला मान वर कोण करतो? लहानपणी हा पोरगा एवढासा होता म्हणून मामांनी त्याला 'छटाक' हाक मारायला सुरुवात केली, आणि पोरापेक्षा ते नावच भराभर वाढलं. पुढे पन्नाशी उलटली, दुकान स्वतःचं झालं, तेव्हा लोकांनी मागे 'राव' लावला. उंचीत मात्र म्हणावी तशी भर पडली नाही. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. काउंटरच्या आत एक जाड फळी टाकून घेतली होती. फळीवर उभे असले की गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस बरा भरभक्कम आहे. फळीवरून उतरून बाहेर आले की तेच गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं, की मघाचे मालक गेले कुठे!

तर आज थाप मारण्याचं कारण असं, की मामीचा निरोप आला होता. मामा तीन-चार महिन्यांपूर्वी गेले. जाताना सांगून गेले, "माझी बंदूक छटाकला द्या."

"आता बघा," छटाकराव कुलूपवाल्यांना सांगत होते, "मामांना सख्खे पुतणे आहेत. एकेक असा, दारातून वाकून येतो! पण बंदूक कोणाला? मला! का? माणसाची पारख! फौजी माणूस शरीर बघत नाही, छाती बघतो!"

कुलूपवाल्यांनी छाती बघितली आणि ते पुन्हा किल्ली घासायला लागले.

मामा फौजेत होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फौजेत ते काय करत होते, हे कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मामा आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते. ही जागा रिकामी पाहून छटाकरावांनी तिथे पराक्रम भरून टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी ते बस पकडून मामीकडे गेले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, खिडकीशी कापड टाकून झाकलेलं शिलाईचं मशीन आणि मशीनच्या बाजूला भिंतीला टेकून उभी असलेली बंदूक. नळीच्या टोकापर्यंत लाकूड चढवलेली, जुन्या धाटणीची, चांगली जडशीळ. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली होती. तिच्यातून गोळी तर सोडाच, शिंकसुद्धा बाहेर पडली नसती. तसा सरकारी दाखलाही मामीने पिशवीत घालून ठेवला होता.

"बस तरी आधी! चहा टाकते," मामी म्हणाली. "तुला या बंदुकीचं सगळं सांगायचंय. ह्यांनी ती कशी—"

"जिवापाड जपली! माहीत आहे मामी!"

छटाकरावांना ही एक खोड होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ते स्वतः पुरं करायचे. धंद्यामुळे लागलेली सवय. गिऱ्हाईक "जरा सोनेरी—" म्हणालं रे म्हणालं, की ह्यांचं "सोनेरी काठ, आत पांढरी पट्टी, समजलं!" सुरू. धंद्यात त्याने काम झटपट व्हायचं. घरात मात्र त्यामुळे बरीच गंमत व्हायची.

"अरे, ऐक तर! हे लाकडावर चरे दिसतात ना, हे—"

"घालवून टाकतो! काळजीच सोडा!"

"घालवायचे नाहीत रे! ते तुझे—"

"माझंच काम आहे ते मामी! आयुष्य गेलं माझं लाकडात! अशी करतो, की ओळखू येणार नाही!"

मामी तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तेवढ्यात छटाकरावांनी घड्याळाकडे पाहिलं, "बस चुकेल!" म्हणाले, बंदूक तिच्या खाकी खोळीत सरकवली आणि निघाले. चहा मामीला दोघांचा प्यावा लागला.

बसमध्ये शेजारच्या माणसाने सहज विचारलं, "काय आहे हो एवढं लांबलचक? पडद्याचा दांडा?"

"बंदूक!" छटाकराव सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

पुढच्या थांब्यावर सात-आठ माणसं उतरली. त्यांना तिथे काही काम होतं असं वाटलं नाही. छटाकरावांना आयुष्यात पहिल्यांदा खिडकीची जागा मिळाली, आणि बंदुकीला त्यांच्या शेजारची.

दुकानात आल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. बंदुकीची दशा बघून त्यांच्यातला कारागीर हळहळला. लाकडावर तेलाचे थर, वर कुठेही, कसेही पडलेले आडवे चरे, दोन लांब तर दोन अगदी एकमेकांना चिकटून. दस्त्यावर एक काळा डाग, एका टोकाला निमुळता. छटाकरावांनी पॉलिश पेपर घेतला. घासघास घासली. चऱ्यांमध्ये पुटी भरली, पुटीवर लाकडाचा रंग असा काही जुळवला की वा! वरून पॉलिशचे हात दिले. पुसायला हाताशी चिंधी नव्हती, म्हणून ती खाकी खोळच घेतली. डाग तेवढा हटला नाही. बाकी बंदूक अशी चमकायला लागली, की तिच्यात बघून भांग पाडावा!

डबा घेऊन आलेल्या बायकोने दारातूनच विचारलं, "अहो, ही खोळ कशाला पुसायला घेतलीत?"

"अगं, खोळ काय बघतेस? बंदूक बघ, बंदूक!"

"बंदूक बघितली. शिवण बघा ना! दुहेरी आहे आणि सुतासारखी सरळ. माझ्या मशीनवर मला जन्मात जमली नसती."

"तुला शिवणच दिसणार!"

बायकोने खोळ उचलून पिशवीत टाकली आणि जागच्या जागी दुसरी चिंधी ठेवली. ह्या बाईचं सगळं असं, बोलणं कमी आणि काम चोख.

संध्याकाळी कुलूपवाले बघायला आले. त्यांचं वाचन नाही, फौजेशी संबंध नाही, पण युद्धाचा सिनेमा मात्र त्यांनी एकही सोडला नव्हता. त्यांनी बंदुकीवरून वरखाली नजर फिरवली आणि विचारलं, "चरे कुठायत?"

"कसले चरे?"

"अहो, खरा शिपाई एक शत्रू लोळवला की बंदुकीवर एक चरा कोरतो! सगळ्या सिनेमांत असतं!"

छटाकराव फळीवर उभे होते ते मटकन खाली बसले. काउंटरपलीकडून फक्त आवाज आला. "होते हो... सहा-सात होते... मी पुटी भरली!"

"अरे देवा! म्हणजे मामांनी मारलेली माणसं तुम्ही जिवंत केलीत?"

झालं! छटाकराव ताडकन उठले. मामांचा सगळा पराक्रम त्यांनी स्वतःच्या हाताने, वर पॉलिशचे हात देऊन मिटवून टाकला होता. भरलेले चरे शोधायला ते भिंग घेऊन बसले, पण काम इतकं बेमालूम झालं होतं, की करणाऱ्यालाच सापडेना.

"नवे कोरा," कुलूपवाले म्हणाले. "त्यात काय!"

"पण किती?"

"सहा-सात होते म्हणालात ना?"

"होते. पण मामांचा स्वभाव माहितीये ना? स्वतःचं कधी सांगायचे नाहीत. निम्मेसुद्धा कोरले नसतील!"

"मग भरीव आकडा धरा."

भरीव आकडा अकरा ठरला. छटाकरावांनी कानस घेतली, पटाशी घेतली आणि सवयीने मोजपट्टीही घेतली. फ्रेमवाल्याचा हात तो! वाकडंतिकडं कोरायचं म्हटलं तरी कोरलं जाईना. अकराही शत्रू एकमेकांपासून सारख्या अंतरावर, एका मापाचे, कडा गोल केलेले असे ओळीने पडले.

आता प्रकरण इथेच थांबलं असतं, तर बंदूक दुकानाच्या भिंतीवर गेली असती आणि छटाकराव मजेत राहिले असते. पण त्यांना एक मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. उंच माणूस. ज्या वाचनालयाचा तो सचिव होता, तिथे वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडी घेत नसत, त्याला हाक मारत. लग्नाच्या दिवसापासून त्याने छटाकरावांची पाठ सोडली नव्हती. "भावोजी, दिसत नाही तुम्ही हल्ली!" हा त्याचा विनोद, आणि प्रत्येक भेटीत तो त्याला नव्याने आवडायचा. वाचनालयाच्या सभागृहात तो घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होता. आतापर्यंत आलेल्या वस्तूंत घड्याळं, कंदील आणि एक बंद पडलेला रेडिओ होता. बंदुकीची बातमी कानावर जाताच तो दुकानात आला आणि चक्क काउंटरवर वाकून म्हणाला, "भावोजी, मधोमध मांडतो! काचेच्या पेटीत! उद्घाटनाला निवृत्त कर्नलसाहेब येणार आहेत. बंदुकीवर तुम्ही बोला."

"मी?"

"तुम्हीच! व्यासपीठ आहे. दिसाल."

छटाकरावांनी तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आयुष्यभर ज्याच्याशी मान वर करून बोललो, तो आपल्याला समोर बसून ऐकणार! ह्या एका गोष्टीसाठी ते काय वाटेल ते करायला तयार होते. काचेची पेटी त्यांनी स्वतः बनवली. पेटीशेजारचं कार्डही स्वतः लिहिलं. 'अकरा शत्रूंना कंठस्नान घालणारी बंदूक. दस्त्यावर तोफगोळ्याच्या धगीची खूण.' मामांची हकीकत रोज थोडी थोडी वाढत होती. सोमवारी ते एका टेकडीवर लढले होते. शुक्रवारपर्यंत टेकडीचा डोंगर झाला आणि मामा एकटे उरले.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृह भरलं. छटाकरावांनी मेजामागे एक रिकामं खोकं पालथं घालून ठेवलं होतं, त्यावर चढले आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांना मागची भिंत दिसली. पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी मेहुणा, पलीकडे कुलूपवाले आणि बाजूच्या खुर्चीत पांढऱ्या मिशांचे कर्नलसाहेब.

"मंडळी! रक्ताचा थेंब असेपर्यंत माझ्या मामांनी ही बंदूक खाली ठेवली नाही!" छटाकराव कडाडले. "समोर शत्रू! मागे दरी! जेवण संपलेलं! तशात एक तोफगोळा आला तो थेट इथे, दस्त्यावर! पण मामा हलले नाहीत!"

कुलूपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेब उठले, चष्मा लावून पेटीवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"फार सुंदर ठेवलीय," ते म्हणाले. "आपले मामा कुठल्या तुकडीत होते?"

"आघाडीच्या!"

"अस्सं. आणि हे अकरा?"

"शत्रू!"

"फार शिस्तीचे हो! अगदी रांगेत आणि सारख्या अंतरावर पडलेत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. छटाकरावांच्या खोक्याने कुरकुर केली. तेवढ्यात मेहुणा उभा राहिला. "मंडळी, भावोजींनासुद्धा माहीत नाही, असा एक आनंदाचा धक्का आहे! ज्यांची ही बंदूक, त्या वीराच्या पत्नी आज आपल्यात आल्या आहेत! बंदुकीची संगीनही त्यांनी सोबत आणलीय!"

दारातून मामी आत आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहऱ्यावर, आपल्याला इथे कशाला बोलावलंय हे न कळल्याचा भाव.

"वीर कोण?" मामीने विचारलं.

"मामा!" मेहुणा म्हणाला. "डोंगरावर एकटे लढले ते!"

"हे? डोंगरावर?" मामीने छटाकरावांकडे पाहिलं. "अरे छटाक, ह्यांना जिना चढताना धाप लागायची! फौजेत ह्यांनी सुईशिवाय काही चालवलं नाही. शिवणखात्यात होते ते!"

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण ती पडायच्या आधीच हशा पिकला. मेहुणा तर गुडघ्यावर हात आपटून हसत होता. मामी मात्र सरळ सांगत राहिली, कारण मधेच वाक्य पुरं करणारा माणूस आज पहिल्यांदाच गप्प होता.

"बंदुकांच्या खोळी शिवायचे हे. प्रत्येक खोळ बंदुकीवर चढवून बघावी लागते ना? म्हणून एक जुनी, बंद केलेली बंदूक ह्यांच्या मशीनशेजारी उभी करून दिली होती. सगळी नोकरी तिने कोपऱ्यात उभ्याने काढली. हा छटाक रांगत होता तेव्हा हे निवृत्त झाले, आणि साहेबांनी तीच भेट म्हणून दिली. हजारो खोळी घातल्या आणि काढल्या तिने. लढाई कसली बघते!"

"आणि तोफगोळ्याची खूण?" कुलूपवाले केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"तो इस्त्रीचा डाग. हे नोकरीत नवे होते तेव्हा, गरम इस्त्री टेकवून ठेवली."

सगळ्यांनी एकदम माना पुढे काढून डाग पाहिला. आणि खरंच की! निमुळतं टोक, रुंद बूड, हुबेहूब इस्त्री! एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. कर्नलसाहेब मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "त्या खोळी मी वापरल्यात, बाई. मुसळधार पावसात रात्र काढली, पण आत थेंब गेला नाही. आमच्या बंदुका चालल्या, त्या तुमच्या यजमानांच्या शिवणीवर."

मामी हसली. मग चष्मा लावून ती पेटीपाशी गेली, झाकण उघडलं आणि लाकडावरून बोट फिरवलं. बोट एकदा खाली गेलं, पुन्हा वर आलं. तिचं हसू विरलं.

"हे कोणाचे?"

"श... शत्रू," छटाकराव खोक्यावरून पुटपुटले.

"शत्रू कसले? सात होते. तुझे होते."

"माझे?"

"तेच सांगत होते तुला त्या दिवशी! सुट्टीत आलास की हे तुला बंदुकीला पाठ लावून उभा करायचे. डोक्यावर हात आडवा धरायचे आणि कात्रीच्या टोकाने चरा पाडायचे. चालायला लागलास त्या वर्षापासून, पार तुझं डोकं लाकडाच्या वर जाईपर्यंत." मामीने चष्मा वर सरकवला. "आम्हाला मूल नव्हतं, छटाक. आमच्या घरात जे काही वाढलं, ते ह्या लाकडावर. शेवटी शेवटी ह्यांचं मशीन बंद झालं, तेव्हा बसल्या बसल्या ते चऱ्यांवरून बोट फिरवायचे."

आता कोणी हसलं नाही. मेहुणासुद्धा खाली बघायला लागला. छटाकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तापलेल्या इस्त्रीचा वास, डोक्यावर आडवा तळहात आणि वरून येणारा आवाज, "टाचा टेकव! टाचा!" हे सगळं एकदम आठवलं. इतकी वर्षं ते कुठे जाऊन बसलं होतं कोण जाणे! मामांनी ज्या खुणा जपल्या त्या आपण पॉलिश पेपरने पुसल्या, आणि वर त्यांच्या नावावर अकरा खून लावले! त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पण रडता रडताच ते खोक्यावरून उडी मारून खाली आले. "मामी! मी बुजवलेत, काढले नाहीत! आत आहेत ते!"

"मग दाखव!"

"पुटी वाळली की दबते! कितीही झकास भरा, काही दिवसांनी तिरक्या उजेडात खळगा दिसतोच! गिऱ्हाइकाला सांगत नाही आम्ही हे!" असं भर सभेत ओरडून छटाकरावांनी बंदूक उचलली आणि खिडकीशी नेली. गिऱ्हाइकं सभागृहात चांगली दहा-पंधरा होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

उन्हात लाकूड तिरकं धरलं तेव्हा पॉलिशखाली बारीक खळगे दिसायला लागले. बायकोने न सांगता केसांतली पिन काढून हातात ठेवली. छटाकरावांनी एकेका खळग्यातली पुटी टोकरून काढली. सात निघाले! अकरा खोट्यांच्या मधे मधे, वेडेवाकडे, आपापल्या जागी.

"हा तू चालायला लागलास तेव्हाचा," मामी सांगत होती. "हा दात पडले तेव्हाचा. हे दोघं बघ, अगदी चिकटून."

"त्या वर्षी मी वाढलोच नाही वाटतं?"

"वाढला नव्हतासच! सूतभरही नाही. पण तू रडायला लागलास, म्हणून ह्यांनी हात केसभर वर धरून चरा पाडला. म्हणाले, एवढं खोटं देवाला चालतं."

छटाकरावांनी त्या दोन चऱ्यांवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग नाक पुसत विचारलं, "पण मग बंदूक मलाच का? पुतण्यांना का नाही?"

"तुला कबूल केली होती ना! 'बंदुकीपेक्षा उंच झालास की बंदूक तुझी!' असं दरवेळी म्हणायचे."

छटाकरावांचा चेहरा उजळला. त्यांनी बंदूक जमिनीवर उभी केली. ती त्यांच्या छातीशी आली. "झालो की मग! केव्हाच झालो!" ते मेहुण्याकडे बघून गरजले. "बघा! बघून घ्या!"

"संगिनीसकट म्हणाले होते," मामी म्हणाली आणि तिने वर्तमानपत्र उलगडलं.

आत एक लांबलचक संगीन होती. टोकाला माती लागलेली, कारण मामी ती कुंड्या उकरायला वापरत होती. कर्नलसाहेबांनी रुमालाने माती पुसली आणि खटकन ती बंदुकीला चढवली. बंदूक एकाएकी भलतीच उंच दिसायला लागली.

सभागृह उठून उभं राहिलं. मागचे पुढे आले, कुलूपवाले खुर्चीवर चढले. छटाकराव बंदुकीला पाठ लावून ताठ उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर, श्वास आत. कर्नलसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि वाकून पाहिलं.

"वा! टोकाच्या वर गेला की हात!"

"शाब्बास भावोजी!" मेहुणाच ओरडला, आणि तेही मनापासून. टाळ्यांचा कडकडाट झाला. छटाकरावांचे डोळे मिटले. अख्ख्या जन्माचं सार्थक झालं होतं.

"छटाक!" टाळ्यांतून मामीचा आवाज आला. "टाचा टेकव!"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. छटाकरावांच्या टाचा जमिनीपासून चांगल्या दोन बोटं वर होत्या. त्या हळूहळू खाली आल्या. त्यांच्याबरोबर कर्नलसाहेबांचा हातही खाली आला आणि संगिनीचं टोक वर राहिलं. बोटभर!

मामीने कमरेच्या पिशवीतून शिंप्याचा खडू काढला आणि संगिनीच्या पात्यावर, हात होता तिथे, रेघ ओढायला लागली.

"मामी," छटाकराव कुजबुजले, "केसभर वर..."

"ते मामा होते," मामी म्हणाली आणि जिथे होती तिथेच रेघ ओढली. "बंदूक सध्या उसनी ने. उंच झालास की कळव!"

कार्ड मेहुण्याने त्याच दिवशी बदललं. बंदुकीशेजारी बायकोने घरून आणलेली खोळ लावली. तिने ती धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. प्रदर्शनात लोक बंदूक बघून हसत आणि खोळीपाशी थांबत. शिवणकाम करणाऱ्या बायका तर ती उलटी करून आतली बाजूही बघत.

आता बंदूक दुकानाच्या कोपऱ्यात उभी असते, मामांच्या घरी होती तशी. गिऱ्हाईक विचारतं, "हे सात चरे कसले?"

"माझे!" छटाकराव छाती काढून सांगतात.

"आणि हे सारखे सारखे अकरा—"

"सोनेरी काठ, आत पांढरी पट्टी, समजलं! गुरुवारी या!"

खडूची रेघ त्यांनी अजून पुसू दिलेली नाही. दुपारी गल्ली शांत झाली, गिऱ्हाईक नसलं, की ते फळीवरून उतरतात, इकडेतिकडे बघतात, संगिनीला पाठ लावून उभे राहतात आणि डोक्यावर हात आडवा धरतात. कालही असेच उभे होते. हात रेघेच्या वर लागला! चांगला वर! ते आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात दारातून डब्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोचा.

"अहो, टाचा!"